कपाटातला पितळी रंधा

मी एक रंधा आहे. पितळेचा, अंगठ्याएवढा. माझी हकिकत थोडी कडवट लागेल, पण मला ती गोड करून सांगता येत नाही.

मला कुणी बाजारातून आणलं नव्हतं. व्हायोलिन बनवणाऱ्या एका कारागिराने मला स्वतः ओतलं, कानशीने घासलं आणि नखाएवढं पातं बसवलं. व्हायोलिनच्या पाठीला जो बाक असतो, तिथे मोठा रंधा चालत नाही. म्हणून माझा तळही होडीसारखा किंचित फुगीर होता. "पोट सुटलंय याचं," असं कारागिराची बायको म्हणायची. तो म्हणायचा, "दिवसभर लाकूड खातो, मग सुटणारच!"

त्याला दोन मुलं. थोरला शिकून नोकरीला लागला आणि दुसऱ्या शहरात राहिला. लाकडाच्या धुळीने त्याला शिंका यायच्या, त्यामुळे कामाच्या खोलीत तो फिरकायचा नाही. धाकटी मुलगी मात्र बापाशेजारी बसून शिकली. पहिल्यांदा तिने मला इतकं दाबलं, की मी लाकडात रुतलो. "त्याचा गळा दाबू नकोस, बोट धरून ने त्याला," कारागीर म्हणाला. पुढे त्याचे हात थरथरू लागले, तेव्हा सगळं बारीक काम तीच करायची. वाद्यावर नाव मात्र बापाचंच जायचं. तिची तक्रार नव्हती. माझी होती.

कारागीर अंथरुणाला खिळला, तेव्हा बायकोने सरळच विचारलं, "हत्यारं कुणाला द्यायची?"

"दोघंही समजूतदार आहेत," म्हणून त्याने कूस बदलली. दोन शब्द जास्त बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं?

तो गेल्यावर मुलगा आला. एव्हाना त्याला छोटी छोटी हत्यारं जमवायचा नाद लागला होता. बापाच्या हत्यारांच्या पेटीपुढे तो मांडी घालून बसला आणि त्याचे डोळे भरून आले. ते रडणं खोटं नव्हतं.

"मला दुसरं काही नको. घर, ही खोली, सगळं तुमचं. ही छोटी हत्यारं तेवढी नेतो. बाबांची आठवण म्हणून."

"दादा, तुझी ती आठवण असेल, माझं ते रोजचं काम आहे," बहीण म्हणाली. "ही पाठ बघ, अर्धीच झालीय. निदान हा रंधा तरी ठेव."

"अगं, नवा रंधा मिळेल की. याच्याहून चांगला मिळेल. बाबा मिळणार आहेत का परत?"

तिने आईकडे पाहिलं. "आत्ता नको भांडूस," आई म्हणाली. तेही मुलीलाच.

थोरल्याने मला फिरत्या चाकावर धरून चकाकवलं. पाहुण्यांची मुलं बोट कापून घेतील म्हणून पात्याची धार मोडली आणि पातं जागच्या जागी चिकटवून टाकलं. मग मला काचेआड ठेवून वर दिवा लावला. शेजारी एक चिमुकली करवत आहे. ती जन्मात लाकडाला लागलेली नाही. तिचं बरं आहे, तिला आठवण्यासारखं काही नाही.

पुढे एकदा बहीण त्याच्या घरी आली. "एक जुनं व्हायोलिन दुरुस्तीला आलंय. नव्या रंध्याने तो बाक साधत नाही. थोडे दिवस देशील?"

मला वाटलं, हा नाही म्हणणार. पण त्याने लगेच कपाट उघडलं. "थोडे दिवस कशाला? कायमचा ने. मी काय परका आहे?"

तिने मला हातात घेतलं, उलटं केलं आणि तळावरून बोट फिरवलं. जिथे फुगवटा असायचा, तिथे बोट थांबलं.

"तळ कुणी घासला?"

"मीच. किती काळा पडला होता! आता बघ, तोंड दिसतंय त्यात."

तिने पाहिलं. मग मला आपल्या हाताने होतो तिथे ठेवलं आणि काच लावली. "असू दे, दादा. इथेच शोभतो."

आता कुणी पाहुणे आले की तो सांगतो, "बहिणीला देत होतो, तीच नको म्हणाली." हे खरंच आहे. त्याला दुष्ट तरी कसं म्हणू?

तुम्ही कधी त्या घरी आलात, तर मला बघा खुशाल. फक्त काचेजवळ वाकून 'किती गोड!' म्हणू नका.