मागखात्यातलं बोलणं

वस्तीत पाण्याचा पहिला नळ आला ते साल एकोणीसशे बावन्न. त्याच साली आक्काचा मुलगा घर सोडून गेला. नळाची गोष्ट पुढे सगळ्यांनी चवीनं सांगितली, दुसरी मात्र दोघींनाच ठाऊक होती.

नवरा लवकर गेला तेव्हापासून आक्का कापडगिरणीच्या मागखात्यात चार माग सांभाळायची. शेकडो माग एकदम चालत, सूत वाहणारे धोटे इकडून तिकडे आपटत. कानात कापूस कोंबला तरी तो खडखडाट डोक्यात शिरायचाच. तिथे घसा फोडून उपयोग नसे. बाया आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत आणि समोरची ते वाचून घेई. पलीकडच्या रांगेत ठेंगणी होती, आक्काची जिवाभावाची मैत्रीण, वस्तीतही समोरच्याच खोलीत राहणारी. मुकादम पुढ्यात उभा राहून मिशीला पीळ देत असताना दोघींची त्याच्या ढेरीवर चर्चा रंगायची.

"आठवा लागलाय गं बिचाऱ्याला," ठेंगणीचे ओठ म्हणायचे आणि आक्का मागावर वाकून हसू दाबायची.

भांडण झालं तर पाठ फिरवायची. संपलं बोलणं.

खात्यानं असं बोलायला शिकवलं, पण आक्काचे कान घेतले. घरीही आक्का समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच ऐके. स्वतःचा आवाज तर तिला कळेनासाच झाला. कधी उगाच ओरडे, कधी नुसतेच ओठ हलत. "आई, आवाज!" लेक हसून म्हणायचा.

लेक पिंजणखात्यात होता. तिथे कापसाची धूळ धुक्यासारखी उभी असे. ठेंगणीचा नवरा त्याच खात्यात खोकून खोकून संपला. त्या वर्षी लेकालाही तसाच कोरडा खोकला लागला. सुनेच्या भावानं दूर गावी रेल्वेत रूळ दुरुस्तीचं काम मिळवून दिलं. काम उघड्यावरचं, राहायला खोली, पण दोघांपुरतीच.

"तू राहा म्हणालीस तर नाही जात," लेक म्हणाला.

"मी कशाला म्हणू? माझे चार माग आहेत मला," असं म्हणून आक्का चुलीकडे वळली.

वस्तीतल्या त्यांच्या खोलीत तिघांना पाय पसरायला जागा नव्हती. तीच खोली आता एकटीला पुरून उरणार होती.

निघायच्या सकाळी सामान हातगाडीवर चढलं. "सासूबाई, जपा हं," सून म्हणाली. लेक गाडीमागून चालू लागला. गल्लीच्या वळणाशी थांबून त्यानं मागे पाहिलं, तेव्हा आक्काला राहवलं नाही. ती दारातून म्हणाली, "नको जाऊस रे. राहा."

लेक हसला, हात हलवला आणि वळून निघून गेला.

त्यानंतर आक्का मिटल्यासारखी झाली. लेकाबरोबर काम करणारा एक गँगमन कधीमधी वस्तीत यायचा. "लेकानं बोलावलंय चार दिवस," असा निरोप त्यानं आणला, तर आक्का म्हणाली, "वेळ नाही म्हणावं."

शेवटी नळावर ठेंगणीनं तिला धरलं. "का गं अशी फुगून बसलीयेस? पोरगा बोलावतोय ना?"

"आता बोलावतोय! तोंडावर राहा म्हटलं मी त्याला. हसला अन् गेला."

ठेंगणीनं कळशी खाली ठेवली. "म्हणालीस खरी. पण आवाज निघालाच नाही गं. नुसते ओठ हलले. मी माझ्या दारातून वाचलं. त्याला वाटलं असेल, आई सांभाळून जा म्हणतेय."

आक्कानं तिचा दंड धरला. "मग तू का नाही ओरडलीस?"

"ओरडणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो खोकला."

आक्कानं भरली घागर तिथेच सोडली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी मागखात्यात तिनं ठेंगणीकडे पाठ केली. पाळीभर धोट्यांकडे बघत काम करायचं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं, असे कितीतरी दिवस गेले.

मग तो गँगमन पुन्हा दारात उभा राहिला. "काय सांगू लेकाला, आक्का?"

एका शब्दात लेक परत आला असता. हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. तिनं गळ्यावर हात ठेवला, आवाज फुटतोय ना ते चाचपायला, आणि सावकाश म्हणाली, "आई मजेत आहे म्हणावं. अन् खोकला कसा आहे, ते विचार."

लेकाचा खोकला वर्षभरात गेला. पुढे तो रूळ बघणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. सुनेला दोन मुली झाल्या. त्यांनी गिरणी आतून कधी पाहिली नाही. ठेंगणीशी आक्का पुन्हा बोलू लागली, पण त्या सकाळचा विषय दोघींनी काढला नाही. दम्यानं ठेंगणी आधी गेली, आक्काच्या मांडीवर डोकं ठेवून. गिरणी बंद झाली तेव्हा लेक न्यायला आला होता. "येईन रे सावकाश," आक्का म्हणाली आणि गेली नाही. काही वर्षांनी एका दुपारी ती झोपेतच गेली. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तिची खोली एका शिंप्यानं घेतली. मशीन बसवायला जागा हवी म्हणून त्यानं आधी चूल उखडून काढली.