बांगडी

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी दाट धुकं, वारा नाही. माझ्या खोलीला खिडकी नाही. बाहेरची हवा मला येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळते. आज आलेल्या चार जणांच्या टोप्या दमट होत्या. ते रुग्ण नव्हते. त्यांच्या हातात बोल्ट खोलायचे पाने होते.

मी या इस्पितळाच्या तळमजल्यावरचा सीटी स्कॅनर बोलतोय. माझं आवरण काढून झालंय. पहिला बोल्ट सैल होईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

दिसायला मी म्हणजे एक मोठं भोक आणि त्यात सरकणारं टेबल. पोटात एका बाजूला किरणं सोडणारी नळी आणि समोर ती टिपणाऱ्या शेकडो बारीक डोळ्यांची रांग. दोन्ही माणसाभोवती गरागरा फिरतात. किरण हाडात जास्त अडतो, मांसात कमी, हवेत जवळजवळ नाहीच. कुठल्या कोनातून किती किरण पार झाला एवढंच मी मोजतो. त्या हजारो सावल्यांचा हिशेब करून संगणक माणसाचा पातळ काप पडद्यावर मांडतो, सुरी न लावता. मी जुन्या पिढीतला. एका फेरीत एकच काप.

मी खोटंही बोलतो. माणूस हलला की त्याला दोन कडा देतो. दातात धातू असला की तोंडातून चांदण्या फेकतो. कानामागच्या जाड हाडांमधून मेंदूवर काळे पट्टे ओढतो, तिथे काही नसताना. हे सगळं ज्याला पाठ होतं तो माझा तंत्रज्ञ. सगळं इस्पितळ त्याला मामा म्हणायचं.

मामा रोज साडेसातला यायचे. आधी मला रिकामं फिरवायचे, नुसती हवा मोजायला लावायचे, म्हणजे माझे सगळे डोळे एका पातळीवर यायचे. मग वहीत तारीख, खोलीचं तापमान, दमटपणा. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे आतलं उजळून दाखवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देण्याआधी प्रत्येकाला सांगायचे, "अंगभर गरम वाटेल, तोंडात लोखंडाची चव येईल, कपडे ओले झाल्यासारखं वाटेल. झालेले नसतात. घाबरायचं नाही."

गेल्या वर्षी जूनमध्ये माझा मधला एक डोळा अधू झाला. अधू डोळा फिरतो तेव्हा प्रत्येक कापाच्या मधोमध एक फिकट कडं उमटतं. मामांनी त्याचं नाव ठेवलं बांगडी. नवा भाग मागवला. "आठ आठवडे," कंपनीचा माणूस म्हणाला. तेव्हापासून वहीत एक ओळ वाढली. बांगडी: आहे.

आणि मामांनी एक रीत घातली. बांगडी माझी, म्हणून ती माझ्या मध्यावरच राहणार. आजार माणसाचा, तो माणसाबरोबर सरकणार. बांगडीच्या जागी जरा जरी शंका आली की टेबल दोन सेंटिमीटर वर घ्यायचं आणि तेवढेच काप पुन्हा काढायचे. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई सुरुवातीला विचारायच्या, "मामा, हलवून पाहिलंत?" महिन्याभरात त्यांनी विचारणं सोडलं. मामा पाहणारच, यात त्यांना शंका नव्हती.

सोमवार, ९ सप्टेंबर. मामांची धाकटी बहीण आली. आई गेल्यावर मामांनीच तिला लहानाची मोठी केली होती. महिनाभर डोकं दुखत होतं, सकाळी उलट्या.

"दादा, डोक्यात काय आहे ते नीट बघ हं."

"भुसा. लहानपणापासून माहीत आहे मला."

"मग मशीन कशाला चालवतोस? वीज वाचव की."

तिची किडनी अशक्त होती, क्रिएटिनिन दोन पूर्णांक चार दशांश, म्हणजे दुपटीच्या आसपास. कॉन्ट्रास्ट देता येईना. दिला असता तर आजाराची कड आपोआप उजळली असती. साध्या कापांत बांगडी दिसली. सगळ्यांत दिसायची तशीच. फक्त चार कापांत जरा जाड. मामांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. हात टेबलाच्या बटणावर गेला आणि थांबला.

"झालं का रे? मान आखडली माझी."

"झालं," मामा म्हणाले. दुसऱ्या कुणाला त्यांनी बेलाशक पुन्हा किरणं दिली असती. बहिणीला द्यायला जीव धजला नाही. मला ओरडता येत नाही. माझा पंखा घरघरला, एवढंच.

"मध्ये बांगडीच ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बांगडीच."

अर्धशिशीच्या गोळ्या घेऊन ती घरी गेली.

मंगळवार, ३ डिसेंबर. या वेळी ती नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून आली. ब्लाउजची बटणं वरखाली लागली होती. मामांनी काप घेतले. मग न थांबता टेबल दोन सेंटिमीटर वर घेतलं आणि पुन्हा घेतले.

बांगडी जागच्या जागी राहिली. तिच्यातून दुसरं एक जाड कडं वर सरकलं.

डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरचे काप काढून शेजारी लावले.

"मामा, तेव्हा हलवलं नव्हतंत?"

"नाही."

"का पण?"

"दोनदा किरणं कशाला, म्हटलं तिला."

बाई हळूच म्हणाल्या, "आणि हलवलंत का, हे मी विचारलंही नाही." मग मेंदूच्या सर्जनना बोलावलं. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "तेव्हा गाठ एक सेंटिमीटर आहे, कडेला. तेव्हा निघाली असती. आता साडेतीन आहे, मेंदूच्या खोडात शिरली आहे. हात लावता येणार नाही."

मामा माझ्या खोलीत आले. ती अजून टेबलावरच होती.

"निघालं का रे काही, दादा?"

"भुसा," मामा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तरीच म्हटलं, इतकं जड का झालंय." मग त्यांच्या बाहीला हात लावून म्हणाली, "उतरव मला. पाय गार पडलेत."

त्यानंतर मामा रोज येत राहिले, साडेसातलाच. वही लिहीत राहिले. बोलणं मात्र कॉन्ट्रास्टपुरतं उरलं: गरम वाटेल, घाबरायचं नाही.

माझ्या जागी येणाऱ्या यंत्राचे डोळे जास्त आहेत म्हणे. खोटं तेही बोलेल. त्याच्यापुढे बसणाऱ्याला माझं एकच मागणं आहे: रीत घातलीत तर ती परक्यासाठी पाळता तशीच आपल्या माणसासाठीही पाळा. एवढ्यासाठी मी बोललो.

पाना बोल्टला लागला आहे. कालचं टपाल टेबलावर तसंच पडलंय: एक चपटं खोकं, माझ्या डोळ्याचा नवा भाग.

बहीण शुक्रवारी, १७ जानेवारीला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली. वय एक्केचाळीस. मामा त्या दिवशी सुट्टीवर होते. वहीत ९ सप्टेंबरच्या पानावर लिहिलं आहे: तापमान २२, दमटपणा ५१, बांगडी: आहे, टेबल: हलवलं नाही.