कापड आलंय का?

गोळ्या सुरू झाल्या आणि मास्तरांच्या हातांची थरथर कुठल्या कुठे पळाली. बंद पडायला टेकलेलं शिलाईचं दुकान पुन्हा उभं राहिलं. मास्तर स्वतः कात्री चालवू लागले आणि मशीनवर बसलेली त्यांची मुलगी शिवणं सोडून त्यांच्याकडेच बघत राहायची.

मग बाकावर माणसं येऊन बसू लागली. हिरव्या स्वेटरमधली एक बाई, एक टोपीवाला. बोलणं नाही, मागणं नाही, नुसती बैठक! मुलीला ती दिसत नव्हती, म्हणून मास्तरांनी अळीमिळी गुपचिळी धरली. सांगितलं तर डॉक्टर गोळ्या बंद करणार, आणि गोळ्या गेल्या की हात गेले. त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली, की बोलेल तो खरा आणि गप्प बसेल तो गोळीतला.

एका दुपारी मुलगी बाहेर गेली असताना बाकावर एक जाडे गृहस्थ गप्प बसून होते. मास्तरांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिवा घालवला, शटर ओढलं आणि चहाला गेले. ते परतले तेव्हा मुलगी गृहस्थांना बाहेर काढून त्यांची माफी मागत होती. बिचारे नुकतीच दाढ काढून आले होते, तोंडात कापसाचा बोळा होता.

"बाबा, एवढा मोठा माणूस दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला गं. मला हल्ली बरेच दिसतात." मास्तरांचे डोळे भरून आले. "वेडा म्हण हवं तर, पण गोळ्या बंद करायला लावू नकोस. ते थरथरणारे हात नकोत मला परत."

मुलीनं त्यांचे हात हातात घेतले. "आणि हे एकट्यानं सोसत होतात?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेडबिड काही नाही. या गोळ्यांनी काहींना होतं असं. डोस थोडा कमी करू. आधीच सांगायचं ना, मास्तर!"

हात जरासे थरथरू लागले, पण कात्री सुटली नाही. टोपीवाला गेला. हिरव्या स्वेटरवाली बाई मात्र अधूनमधून येत राहिली. आता शंका आली की मास्तर मुलीला विचारतात, "कापड आलंय का?" ती "आलंय" म्हणाली तर माणूस खरा. गिऱ्हाइकांना पत्ताही लागत नाही.

परवा बाकाकडे बघत त्यांनी असंच विचारलं.

"नाही, बाबा." मुलीचा हात मशीनवर थांबला.

मास्तर मात्र खुदकन हसले. "मग बसू दे तिला. भरलेलं दुकान बरं दिसतं."