ताईंचा पेला

शाळेच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, बाकं भरली, उरलेले आईबाप खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि प्रत्येकाच्या घरात एक तरी पोर असं होतं, ज्याचं बूड पुस्तकासमोर टिकत नव्हतं.

मंचावर शेगडी, शेगडीवर पातेलं आणि पातेल्यापाशी मावशी. दुधात वाटलेले बदाम, खजूर, भाजलेल्या गव्हाचं पीठ. वास असा, की मागच्या भिंतीला टेकलेल्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटावं. त्याच पिठाच्या पुड्या मंचाखालच्या टेबलावर रचलेल्या होत्या आणि टेबलापुढे रांग होती. ढवळता ढवळता मावशीची मान एका खांद्यावर कलली आणि आवाज बदलला. घोगरा झाला, धाप लागल्यासारखा.

"आल्या," पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली. "ताई आल्या."

ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण. तिनं हयातभर पाळणाघर चालवलं, शाळेतून भुकेजून आलेल्या पोरांना हेच दूध पाजलं आणि मग अभ्यासाला बसवलं. गेल्या हिवाळ्यात ती वारली. तरी मावशीच्या म्हणण्याप्रमाणे ती अजून पातेल्यापाशी येत होती.

"हात बहिणीचा, ढवळणारी मी," तो घोगरा आवाज म्हणाला. "दूध पोटात उतरतं, तेज मस्तकात चढतं. चंचल मन साखरेसारखं विरघळतं. डोळे झाकतात आणि दृष्टी उघडते."

त्या दुधात साखरेचा दाणाही नव्हता, पण अशा वेळी खोड कोण काढणार?

मग नऊ वर्षांची खारू पुढे आली. नाव वेगळंच होतं, पण बदाम दिसला की गालात कोंबायची म्हणून खारू. ताईची नात. तिनं पेला रिकामा केला, ओठावरची पांढरी मिशी पुसली आणि मावशीनं तिच्या डोळ्यांवर काळी मखमली पट्टी आवळली.

"कुणीही यावं, काहीही आणावं."

एक गृहस्थ मिक्सरचं माहितीपत्रक घेऊन आले. खारूनं ते हातात धरलं, मान वर केली, जरा थांबली आणि खणखणीत वाचलं, "भांडं नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये."

सभागृह शहारलं. मिक्सरच्या सूचनेला एवढा मान याआधी कधी मिळाला नसेल.

तिसऱ्या रांगेत खारूची आई बसली होती. ताईची एकुलती एक मुलगी. बाजारात तिचं चष्म्याचं दुकान. डोळेही तीच तपासायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. ती काही बुवाबाजीला भुलणारी नव्हती. घरात भिंतभर पुस्तकं, आणि अंगात येणाऱ्यांच्या नकला करून तिनं आईला कितीदा हसवलं होतं. पण आईच्या शेवटच्या आजारात ती दवाखान्यात ठाण मांडून बसली, जरा अंघोळीला म्हणून घरी गेली, आणि तेवढ्यात आई गेली. त्यानंतर तिच्या घशाखाली घास उतरेना. मावशी सोबतीला म्हणून राहायला आली. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात दूध ढवळताना तिची मान पहिल्यांदा कलली आणि आईच्या आवाजात शब्द आले, "पोरी, तू जवळ नव्हतीस म्हणून मला राग नाही हं."

त्या दिवशी चष्मेवाली पोटभर जेवली. ज्या तोंडातून आईची माफी आली, त्या तोंडाला खोटं कसं म्हणायचं? पुढे खारू पट्टी बांधून वाचायला लागली, तेव्हा तर शंकेला दारच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गल्लीतला शिंपी आला, मागे त्याचा मुलगा. शिंप्यानं खिशातून मुलाचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"हा परत घेता का, मॅडम?"

"का? नाकाला टोचतोय?"

"नाही हो. गरजच नाही उरली. सकाळ-संध्याकाळ ताईंचा पेला चालू केलाय. तुमची मुलगी डोळे झाकून वाचते, मग आमच्या बाळ्याला उघड्या डोळ्यांना चष्मा कशाला? मावशींनीच सांगितलं, चष्म्यानं डोळा आळशी होतो."

"मावशीनं सांगितलं?"

"म्हणजे ताईंनीच. मावशींच्या तोंडून."

"तुम्ही सुई ओवताना चष्मा लावता ना?"

"माझं वय झालं," शिंपी समजुतीच्या सुरात म्हणाला. "माझ्यात आता कसलं तेज चढायचं."

तिनं मुलाला विचारलं, "वर्गात कसं चाललंय रे?"

"फळा दिसत नाही," मुलगा म्हणाला. "बाई म्हणतात, लक्ष नाही."

"गुण यायला वेळ लागतो," शिंपी म्हणाला.

तिनं मुलाला खुर्चीत बसवलं, एक डोळा तळव्यानं झाकायला सांगितला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं. पहिली ओळ वाचून पोरगं अडलं. मग हळूच त्याची हनुवटी वर गेली, मान मागे झुकली, आणि झाकलेल्या डोळ्यानं तळव्याखालून बघत त्यानं दुसरी ओळ घडाघडा वाचली.

"हनुवटी खाली," ती सवयीनं म्हणाली. "फटीतून बघायचं नाही."

हे ती रोज कुणा ना कुणा पोराला सांगायची. पोरं लबाड नसतात. त्यांना फक्त पास व्हायचं असतं. पण आज वाक्य तोंडातून गेलं आणि ती जागीच थबकली. ही वर गेलेली हनुवटी तिनं कालच पाहिली होती. कालच कशाला, दर खेपेला पाहिली होती, तिसऱ्या रांगेतून, डोळ्यांत पाणी आणून.

"काय झालं, मॅडम?"

"चष्मा घाला त्याला. आत्ता. आणि उद्या शाळेत या."

संध्याकाळी मावशी बदाम आणायला बाहेर पडली, तेव्हा चष्मेवालीनं खारूला बोलावलं. "माझ्या डोळ्यांवर पट्टी बांध बघू. मावशीआजी बांधते तशी."

खारूचा चेहरा पडला. पण तिनं बांधली, घट्ट बांधली. आधी नुसता काळोख. मग चष्मेवालीनं हनुवटी उचलली. नाकाच्या दोन्ही बाजूंना उजेडाची एकेक कोर होती. त्यातून मांडी दिसत होती, हात दिसत होते आणि हातातलं खारूचं भूगोलाचं पुस्तक.

"नदी उगमापाशी अरुंद असते," तिनं वाचलं. दूध सोडा, तिनं दुपारपासून चहासुद्धा घेतलेला नव्हता.

पट्टी काढून तिनं विचारलं, "हे मावशीआजीनं शिकवलं?"

"हूं."

"मला का नाही सांगितलंस?"

"ती म्हणाली, सांगितलं तर आजी यायची बंद होईल." खारूनं पट्टीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आणि तू जेवायला लागली होतीस."

यावर रागवायचं कसं? घरातल्यांनी मिळून तिला सावरलं होतं आणि घरातल्यांनीच मिळून फसवलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीनंसुद्धा, आणि तेही मायेपोटी.

दुसऱ्या दिवशी सभागृह परवाच्याहून जास्त भरलं. मुख्याध्यापिका बाईंनी उठून जाहीर केलं, की यंदा परीक्षेआधी प्रत्येक वर्गात ताईंचा पेला फिरेल. टाळ्या पडल्या. मावशीची मान कलली, आवाज घोगरा झाला. तेवढ्यात चष्मेवाली मंचावर चढली.

"आज खारू नाही," ती म्हणाली. "मी बसते."

लोकांना आनंदच झाला. मावशीची पळी मात्र थांबली. "आधी पेला तरी घे."

"नको. रिकाम्या पोटीच बसते."

पट्टी बांधताना मावशी तिच्या कानाशी पुटपुटली, आपल्या स्वतःच्या आवाजात, "पोरी, घरी बोलू."

"घरी बोलायचं होतं तेव्हा आई होऊन बोललीस."

कुणीतरी वर्तमानपत्राचा तुकडा हातात दिला. चष्मेवालीनं मान उचलली आणि वाचलं, "जुने टायर योग्य भावात विकत घेतले जातील."

"आल्या," पुढच्या रांगेतली बाई म्हणाली. "लेकीच्याही अंगात आल्या." आणि तिनं हात जोडले. तिचं बघून मागच्यांनीही जोडले. खरं सांगायला उभ्या राहिलेल्या माणसालाच डोक्यावर घेऊन मोकळं व्हायचं, ही तर आपली जुनी युक्ती.

चष्मेवालीनं पट्टी काढली. "कुणी आलेलं नाही. हात खाली करा आणि रुमाल काढा. मफलर असेल तर मफलर. डोळ्यांवर बांधा, शेजाऱ्याला आवळायला लावा. झालं? आता माना वर करा आणि नाकाच्या शेंड्याकडे बघा."

पाणी पिऊन कोंबड्या मान वर करतात, तसं सगळं सभागृह बसलं.

"मला माझी चप्पल दिसतेय," कुणीतरी म्हणालं.

"ती माझी आहे. तुमची पलीकडे."

मिक्सरवाले गृहस्थ मोठ्यानं आपलं घड्याळ वाचू लागले. हशा उसळला. शिंपी तेवढा हसला नाही; रुमाल सोडून तो मुलाकडे बघत राहिला.

"नाक वर असतं, म्हणून पट्टीखाली फट राहते," चष्मेवाली म्हणाली. "चमत्कार तो एवढाच. दूध मात्र चांगलं आहे. भुकेलं पोर चुळबुळ करतं, पोटात गरम काही गेलं की निवांत बसतं. माझ्या आईला हे कळत होतं, म्हणून ती आधी खायला घालायची आणि मग पाटी-पुस्तक काढायची. घरी करा, त्याला कुणाच्या अंगात यावं लागत नाही. तरीही पोराचं लक्ष लागत नसेल, तर त्याला दिसतं का बघा, ऐकू येतं का बघा, झोप पुरते का बघा. काही दुखतंय का विचारा त्याला. आणि आजवर औषध, चष्मा जे काही बंद केलं असेल, ते आज घरी जाऊन चालू करा."

लोक पांगले. जाताना काहींनी पुड्या टेबलावर आपटल्या, काहींनी गुपचूप पिशवीत तशाच ठेवल्या. मंचावर मावशी शेगडी आवरत होती.

"पुड्या विकल्यास ते मी समजू शकते," चष्मेवाली म्हणाली. "पण राग नाही म्हणालीस, ते?"

"तू माझ्या डोळ्यांदेखत खंगत होतीस. एक वाक्य बोलले. तू उठून जेवलीस." मावशीनं पातेल्याकडे बघत सांगितलं. "मग वाटलं, एका वाक्यानं एक माणूस उठतं, तर…"

"तर पुड्याही उठतील."

मावशीनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"शेवटी तिच्यापाशी तूच होतीस. खरं काय म्हणाली ती?"

"काही नाही. झोपेतच गेली."

चष्मेवाली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. खरं असेल. खोटं असेल. आईच्या शेवटच्या घडीची जगात एकच साक्षीदार होती, आणि तिनं आपली साक्ष पुड्यांबरोबर विकून टाकली होती. आता ती काहीही म्हणाली तरी त्याला वजन येणार नव्हतं.

घरी जाताना खारूनं विचारलं,

"आजी खरंच यायची नाही?"

"नाही."

"मग ती तुझ्यावर रागावली होती का?"

"माहीत नाही."

"कुणाला विचारता येईल?"

"कुणालाच नाही."

खारूनं वाटेतला खडा पायानं उडवला. "मग काय म्हणायचं?"

"माहीत नाही, असंच म्हणायचं. अवघड जातं, पण तेच म्हणायचं. आणि कुणी गोड आवाजात उत्तर घेऊन आलं, तर त्याला विचारायचं, तुला कसं कळलं?"

"मावशीआजीला?"

"तिला. बाईंना. डॉक्टरांनाही."

"तुला?"

"मला सगळ्यात आधी," चष्मेवाली म्हणाली.