रंगाऱ्याची भिंत

या, असे जवळ सरकून बसा. एका रंगाऱ्याच्या बायकोची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आवाज चढवून सांगण्यासारखी नाही.

रंगारी देवाघरी गेला त्याला दोन महिने झाले होते. एकटीला ते घर झेपेना, म्हणून बायकोने लहानशी खोली पाहिली. नव्या मालकाला अनामत आजच हवी होती. ती द्यायची तर या घराची अनामत पुरी परत मिळायला हवी. थोडी जरी कापली, तरी खोली हातची गेली. मालकीणबाई चार वाजता घर बघायला येणार होती.

घर तसं लख्ख. घोडं अडलं होतं एका भिंतीपाशी. शेवटच्या वर्षी रंगाऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. पलंगापासून न्हाणीपर्यंत तो डाव्या हाताने भिंत धरून जायचा, येताना बायकोचा खांदा. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर काळसर पट्टा उमटला होता. न्हाणीच्या दाराशी तो दम खायला थांबे. तिथे पाचही बोटं मोजून घ्यावीत अशी.

"चाळीस वर्षं लोकांवर खेकसलो, भिंतीला हात लावू नका म्हणून," तो हसायचा. "आता बघ, माझाच पंजा!"

सकाळपासून मदतीला आलेली नणंद त्या पट्ट्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, या भिंतीत निम्मं डिपॉझिट जाईल. मालकलोक खिळ्याच्या भोकाचे पैसे घेतात, हा तर अख्खा दादा आहे!"

"करारात काय लिहिलंय कोण जाणे. कागद सगळे हेच बघायचे. ट्रंकेत असेल, पण ती बांधून झाली."

"करार वाचून कुणाचं भलं झालंय? ब्रश काढ."

ब्रश त्याचाच होता. कामही त्यानेच शिकवलेलं. डागावर नुसता रंग फासला तर डाग पुन्हा वर येतो, म्हणून आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. तिने सगळं त्याच्या शिस्तीत केलं. पंजा मात्र शेवटपर्यंत ठेवला. त्यावर आपला हात ठेवून बघितला. तिची बोटं एका पेराने कमी भरली.

"वहिनी, तीन वाजले," नणंद हळूच म्हणाली.

तिने पॉलिश पेपर उचलला, पंजा घासला आणि त्यावरही प्रायमर आणि रंग चढवला.

मालकीणबाई आली ती दारातच थबकली. "अहो, रंग कशाला दिलात?"

"डाग होते, बाई. कापू नका काही. आत्ताच स्वच्छ केलंय."

मालकीणबाईने पिशवीतून करार काढला आणि एका ओळीवर बोट ठेवून वाचलं. "'रोजच्या वापरात भिंतीला लागलेले हाताचे डाग नुकसान धरू नयेत. त्यापोटी अनामतीतून काही कापू नये.' तुमच्या यजमानांनी अडून बसून ही ओळ घालायला लावली. मी म्हटलं, रंगारी असून तुम्हीच असं म्हणता? तर म्हणाले, 'बाई, माणूस राहतो तिथे भिंतीला हात लागणारच. लोकांच्या कापलेल्या डिपॉझिटांतून मी आयुष्यभर भिंती रंगवल्यात. माझ्या घरात ते नको.'"

तिने पाकीट पुढे केलं. पूर्ण रक्कम होती.

नणंदेने पदर तोंडात कोंबला. "मीच गं... मीच ब्रश काढायला लावला."

बायकोने पाकिटाकडे पाहिलंही नाही. ती न्हाणीच्या दाराशी गेली आणि चाचपडत त्या जागी हात टेकला. डाग कुठून वर येणार? तो वर येऊ नये याची सगळी विद्या तिला घरातच मिळाली होती. हात काढला तेव्हा ओल्या रंगात पाच बोटं उठली होती, तिचीच, एका पेराने लहान.

"राहू द्या," मालकीणबाई म्हणाली. "त्याला हात लावू नका आता."

संध्याकाळच्या आत नवी खोली मिळाली. भिंती कोऱ्या होत्या.

तेव्हा एवढंच मागतो. देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या रंगाऱ्याची एकदा आठवण काढा. त्याचा हात आता कुठेच उमटलेला नाही.