भांड्यांवरच्या चिठ्ठ्या

चारशे माणसांना मी रोज जेवू घालते. कारखान्याच्या कॅन्टीनची सुपरवायझर आहे मी. बाराच्या भोंग्याला पहिलं ताट निघतं, पावणेदोनला शेवटचं, आणि मध्ये कुणाचा आवाज चढत नाही. चढला तर माझाच. पण वर्षातून एकदा, मोठ्या सुट्टीत, घरची अठरा माणसं दुपारच्या जेवणाला आली की आठ दिवस आधीपासून माझं डोकं ठणकायला लागतं.

कारण त्या अठरांत माझा दीर असतो. त्याला सगळे सरदार म्हणतात, तोंडावर लाडाने आणि पाठीमागे दबकून. सरदारांना गार चालत नाही, उशीर चालत नाही, भातात खडा तर मुळीच चालत नाही. बिनसलं की ते बायकोला मारतात. आमच्याकडे असले की आतल्या खोलीत नेऊन, दार लावून मारतात. तेवढा वेळ बाहेर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. माझा नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो, नणंद उगाच ताटं गोळा करते, सासूबाई मुलांना केक वाढायला घेतात. आणि मी? मी पुढच्या वर्षी आणखी चांगला स्वयंपाक करते. सोळा वर्षं हेच केलं. जेवण झकास झालं की धाकट्या जाऊबाईंची पाठ वाचते, असं मी धरून चालले होते, आणि त्याचा मला चक्क अभिमान होता.

या वर्षी मात्र कंबर मोडून घ्यायची नाही असं ठरवलं. कॅन्टीनची शिस्त घरात आणली. तीन आठवडे आधी यादी करून फ्रिजवर लावली. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा, आपापलं ताट आपण विसळायचं, मी फक्त कोंबड्या भाजणार आणि गरम करायचं तेवढं गरम करणार. नणंदेकडे भाजलेले बटाटे, सासूबाईंकडे केक, धाकटीकडे सूप. आदल्या दिवशी करून ठेवता येतं म्हणून. नवरा म्हणाला, "तू या वर्षी माणसात दिसतेस." खरंच दिसत होते. सकाळी मी निवांत बसून चहा प्यायले.

कॅन्टीनमध्ये प्रत्येक पातेल्याला चिठ्ठी असते, कुणी रांधलं त्याची. तक्रार आली तर ज्याची त्याच्याकडे जाते, चौघांत भांडण होत नाही. हात सवयीने चालले आणि घरीही मी चिठ्ठ्या चिकटवल्या. बटाटे, आत्याकडून. केक, आजीकडून. सूप, धाकट्या काकूकडून.

दीड वाजता सगळे टेबलाशी बसले. दोन टेबलं जोडून केलेलं लांबलचक टेबल, वर एकच पांढरी चादर. सरदारांनी सुपाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि घोट परत वाटीत थुंकला. मग मान वाकडी करून पातेल्यावरची चिठ्ठी वाचली. सावकाश वाचली.

आजवर या टेबलावरचं खारट, करपलं, कच्चं सगळं वहिनीचं, म्हणजे माझं होतं, आणि वहिनीवर हात टाकायची त्याची छाती नव्हती. मी माझं ओझं हलकं करायला गेले आणि तिचं नाव ठळक अक्षरात त्याच्या समोर नेऊन ठेवलं.

"मीठ माझं आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. गरम करताना सूप मला पाणचट वाटलं आणि न चाखता मी मूठभर मीठ टाकलं होतं, चारशे माणसांच्या हाताने. "तिचं सूप चांगलं होतं. मी बिघडवलं."

"तुम्ही तिला पाठीशी घालू नका, वहिनी," तो शांतपणे म्हणाला आणि वाटी तिच्या तोंडावर फेकली.

सूप वाफाळतं होतं. ती ओरडली नाही, नुसती डोळे मिटून उठली. त्याने तिची वेणी मुठीत धरली, तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. या वेळी आतल्या खोलीत न्यायचीही गरज वाटली नाही त्याला. चादरीवर रक्ताचा डाग पसरत गेला. मुलं रडायला लागली. आणि मला टीव्हीचा आवाज वाढलेला ऐकू आला.

त्या आवाजाने माझं टाळकं फिरलं. मीठ कुणाचं हे मी भर पंगतीत सांगितलं होतं. त्याला ते हवंच नव्हतं. म्हणजे सोळा वर्षं मी मऊ भात आणि गरम ताटं वाढून काय वाचवत होते? मी कोंबडीचा बिडाचा तवा फडक्यात धरून दोन्ही हातांनी उचलला आणि वेणी धरलेल्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं मला कळलं, कारण कळावं म्हणूनच मारलं होतं. तो खाली पडला. मी दुसऱ्यांदा खांद्यावर मारला. तिसऱ्यांदा उचलला तो डोक्यासाठी. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

तवा धरला तो धाकटीने. नुसत्या हातांनी, गरम असताना.

"पुरे, ताई."

"सोड. आज याला..."

"तुम्ही वर्षातून एकदा जेवायला घालता. मी याला रोज घालते." तिच्या भुवईतून रक्त गळत होतं, अर्धा चेहरा लालबुंद झाला होता. "उद्या सकाळी मी कुठे असेन?"

तवा मी खाली ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "झालं गेलं विसरा, आधी जेवून घ्या सगळे." नवरा भावाला उठवायला वाकला. मी फोन उचलला आणि पोलिसांचा नंबर लावला. पत्ता सांगितला, दिराने बायकोला मारलं म्हणून सांगितलं, मीही त्याचा हात मोडलाय, तेही सांगितलं.

"फोन ठेव," नवरा म्हणाला. "घरातली गोष्ट आहे."

धाकटीने हात पुढे केला. तळव्याची कातडी तव्याला लागून सोलली होती. मला वाटलं, आता ही फोन बंद करणार, आणि संध्याकाळी मोडक्या हाताच्या नवऱ्यासोबत घरी जाणार. तरी मी फोन दिला. तिच्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

तिने तो कानाला लावला. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं.

"सोळा वर्षं," ती म्हणाली.

पुन्हा काही विचारलं गेलं. ती वळली आणि टेबलाकडे बघत राहिली, एकेकाच्या तोंडाकडे.

"हो, साक्षीदार आहेत. लिहून घ्या. सासूबाई. मोठे दीर. नणंद." मग ती माझ्याकडे बघून थांबली. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला झेपलं नाही.

"आणि थोरल्या जाऊबाई," ती म्हणाली. "त्यांनी पहिल्या वर्षापासून पाहिलंय."