रोज वीस ग्रॅम

“चौदाशे ऐंशी,” नर्स म्हणाली आणि काटा पुन्हा वाचायला वाकली.

“नीट बघ गं. दुपटं काढलंस ना?” बाईंचा आवाज वर्गातला होता.

“काढलं, बाई. दोनदा बघितलं.”

नातीचं वजन अठराशे ग्रॅम हवं होतं, आणि आजच हवं होतं. बाहेरगावचे सर्जन महिन्यातून एकदाच येत. अठराशेच्या आतल्या बाळाच्या हृदयाला ते हात लावत नसत. आत्ता ते खालच्या मजल्यावर चहा घेत होते.

दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायची काचेची पेटी तेव्हा नवीनच आली होती. नात जन्मली त्या दिवशी बाई त्या पेटीपुढे उभ्या होत्या आणि डॉक्टर जाता जाता म्हणाले, “रोज साधारण वीस ग्रॅम वाढेल.” एकतीस वर्षं आठवीला बीजगणित शिकवलेल्या बाईंना एवढं पुरे होतं. रोपाची उंची, टाकीतलं पाणी, असली किती गणितं त्यांनी फळ्यावर सोडवली होती! केसपेपरच्या पाठीवर त्यांनी मांडलं: सुरुवातीचे बाराशे, अधिक वीस गुणिले दिवस, बरोबर अठराशे. दिवस आले तीस. तिसावा दिवस म्हणजे नेमका सर्जनच्या फेरीचा. बाईंनी तिथल्या तिथे लेकीला तारीख सांगून टाकली.

मग रोजचे आकडे मागे पडू लागले. ते बाईंनाही दिसत होते. “उद्या चाळीस वाढेल, भरून निघेल,” असं त्या लेकीला सांगत राहिल्या.

“पहिल्या आठवड्यात बाळं घटतातच, बाई,” नर्स हळूच म्हणाली. “ही तर हजार ऐंशीवर आली होती. त्यात मग ताप. तुमचं गणित मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्यासमोर? आठवीत फळ्यापाशी तासभर उभं केलं होतंत. अजून तोंड उघडत नाही माझं.” ती हसायला गेली, पण डोळे भरून आले. “थांबा, सर्जनना एकदा विचारून बघते.”

ती गेली तशीच परत आली.

“पुढच्या महिन्यात, म्हणाले.”

“तोवर हिचं हृदय टिकेल?”

नर्सने दुपट्याची घडी घालायला घेतली.

लेक खोलीत उशीला टेकून बसली होती. तिने आईचा चेहरा पाहिला.

“किती?”

“चौदाशे ऐंशी.”

ती रडली नाही. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

“आता किती दिवस, आई?”

बाईंनी पिशवीतून पेन काढलं. चौदाशे ऐंशी लिहिले. अधिकचं चिन्ह काढलं आणि हात थांबला.

“लिही ना.”

“अगं, रोज किती वाढेल ते कुणालाच...”

“वीस धर.”

गणितात न दिलेला आकडा मनाने घालणाऱ्या मुलींचे बाईंनी जन्मभर गुण कापले होते. त्यांनी वीस लिहिलं. पायऱ्या न गाळता उत्तरापर्यंत आल्या.

“सोळा,” त्या म्हणाल्या.

“नक्की ना?”

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि सोळाच्या खाली, सवयीने, दोन रेघा ओढल्या.